दिलेलं तिचं झालं

सन २०१८. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझी बायको न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेलं, आत सळई टाकली, घरी आणलं. घरी आणल्यावर कळलं की तिला खाटेवरून आपल्या आपण कूससुद्धा बदलता येत नाही. डॉक्टर म्हणाला, सहा महिन्यांत चालतील. पण हे तो माझ्याकडं बघून बोलला, तिच्याकडं त्यानं बघितलं नाही. तिथंच मी काय ते समजलो. तीही समजली असणार.

संक्रांत होऊन गेली होती. आमची एकुलती एक लेक देवगाव फाट्याकडं दिलेली, ती आईला बघायला म्हणून आली आणि राहिलीच. जावई शाळेत मास्तर आहे. त्यानं फोनवर सांगितलं, मामा, इकडची फिकीर करू नका, मी भात लावायला शिकलोय. आईचं अंग पुसणं, वेणी घालणं, भांडं देणं, सगळं लेक करायची. मी चहा करायचो. तो दोघींनाही आवडायचा नाही, पण पीत होत्या.

एका दुपारी बायको म्हणाली, "मला प्रभुभोजन घ्यायचं हाय. पोरीसंगं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ख्रिस्ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात एक ताट फिरतं. त्यात चपातीचे बारके चौकोनी तुकडे असतात, आणि मागून काळ्या मनुका उकळून केलेला रस येतो. प्रभूनं आपलं अंग आपल्यासाठी मोडू दिलं, त्याची ती आठवण. मोजायला गेलं तर घासभरसुद्धा नाही. पण ज्याला ते देत नाहीत त्याला विचारा ते केवढं असतं. आमच्या लेकीला ते बंद केलेलं होतं. आणि ज्यांनी बंद केलं त्यांचं तोंड बघायचं नाही म्हणून मी आठ वर्षं देवळाची पायरी चढलो नव्हतो.

आमच्यात मंडळी म्हणजे देवळातली माणसं. इतर लोकांत घरातल्या बाईला मंडळी म्हणतात. मी पहिली मंडळी सोडली होती. दुसरीनं मला सोडलं नाही, एवढंच माझं नशीब.

माझं गाव चुडाव्याजवळ, रुळाला लागून. रेल्वेत मी चावीवाला होतो. रोज खांद्यावर हातोडा टाकून रुळावरून चालायचं आणि जिथं लोखंडी चावी सैल झाली तिथं ठोकून बसवायची. शाळा तिसरीपर्यंत. तरी शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, माझं मी वाचतो, कुणाला समजावून सांगा म्हणत नाही. आमच्या आज्यानं मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. आज्याच्या चुलत भावांच्या पोरांनी पुढं छप्पन सालानंतर धम्म घेतला. दोन्ही घरं एकाच गल्लीत राहिली. एकाच विहिरीवरून हाकललेली माणसं आम्ही. ते जय भीम म्हणतात, आम्ही सलाम म्हणतो, मग एकाच बशीत बिस्किटं बुडवतो.

म्हणून लेकीनं जेव्हा सांगितलं की मला अमुक मास्तर पसंत आहे आणि तो बौद्ध घरचा आहे, तेव्हा माझं डोकं फिरलं नाही. पोरगा निर्व्यसनी, आईबापाला धरून राहणारा. माझ्याशी बोलताना त्याची मान खाली होती आणि आवाज वर नव्हता. लग्न त्यांच्या रीतीनं झालं. लेक पांढरी साडी नेसून उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर तिनं त्रिशरण म्हटलं. मी आणि बायको पहिल्या रांगेत बसलो होतो. मला त्यात वाईट ऐकू आलं नाही.

पंचांना ऐकू आलं. आमच्या देवळाचा कारभार पंच बघतात. पुढच्या महिन्यात उपासना संपत आल्यावर त्यांच्यातला मोठा पंच उभा राहिला. तो माझ्याच वयाचा, रेल्वेत माझ्याच गँगमध्ये काम केलेला, माझ्या डब्यातली भाजी खाऊन वाढलेला माणूस. त्यानं सांगितलं की या मुलीनं दुसऱ्या ठिकाणी शरण जाते असं म्हटलं आहे, तर तिनं मंडळीसमोर उभं राहून चूक कबूल करावी. तोवर तिला प्रभुभोजन नाही. उपासना चालवणारे आमचे म्हातारे पाळक बाजूला बसले होते. त्यांनी मान हलवली. लेक त्या दिवशी माहेरपणाला आलेली, बायकांच्या बाजूला आईजवळ बसलेली. ती उठली आणि चप्पल न घालता बाहेर गेली.

मग मी उठलो. आमच्या पुस्तकात पापातून सुटका होते त्याला तारण म्हणतात, आणि ते फुकट मिळतं, देवाच्या कृपेनं. तिसरी शिकलेल्याला एवढंच कळलेलं आणि ते मी घट्ट धरलेलं. मी म्हणालो, "पूर्णेला बँकेवर पाटी हाय, सोनेतारण. आधी सोनं ठेवा, मग पैसे न्या. तुमी देवाचं तारण बी तसंच करून ठेवलंय. आधी पोरीची मान खाली ठेवा, मग कृपा न्या."

मागं कुणीतरी हसलं. मला आणखी जोर चढला. मी म्हणालो, "हे प्रभूचं मेज हाय, कुणाच्या बापाचं न्हाई."

मोठा पंच शांतपणे म्हणाला, "बापाचंच हाय. तुझ्या न्हवं, एवढंच."

आमच्यात देवालाही बाप म्हणतात. त्याला उत्तर सुचलं नाही म्हणून मी निघून आलो. लोकांना वाटलं मी रागानं गेलो. राग होताच, पण उत्तर सुचलं असतं तर आणखी थोडा वेळ थांबलो असतो.

मला वाटलं होतं बायको माझ्यामागं उठेल. ती उठली नाही. शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत बसली, मग घरी आली आणि पिठलं टाकलं. आणि पुढच्या रविवारी पदर डोक्यावर घेऊन पुन्हा निघाली.

आठ वर्षं असं चाललं. आमच्या देवळात घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. रविवारी त्याचा आवाज आला की ती निघायची आणि मी अंगणात खुर्ची टाकून शुभवर्तमान मोठ्यानं वाचत बसायचो, जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जावं म्हणून. ती दारात आली की मी म्हणायचो, पंचांच्या देवाला माझा सलाम सांग. ती म्हणायची, सांगते, तो तुमचंच इचारत असतो. वरून हसायचो, पण आत मला ते लागायचं. लेकीला उठवलं त्या माणसांत ही जाऊन बसते, त्यांच्या ताटातलं खाते, म्हणजे ही त्यांच्या बाजूची. असं मी धरून चाललो होतो. तिला कधी विचारलं नाही. आमच्यासारख्या माणसाला विचारायची सवय नसते, आम्ही ठरवून मोकळे होतो.

तर त्या दुपारी तिनं प्रभुभोजन मागितलं तेव्हा मी म्हणालो, त्यात काय, मी देतो. पाळकच कशाला पाहिजे? प्रभूनं जेव्हा पहिल्यांदा भाकर मोडली तेव्हा कोण पंच होता तिथं? बायको म्हणाली, तुम्हाला चपाती उलटता येत नाही, मोडाल कशी. लेकीनं तरी चपाती केली, मनुका नव्हत्या म्हणून नुसतं गुळाचं पाणी केलं. मी हात धुतले, टोपी काढली, खाटेजवळ उभा राहिलो आणि प्रार्थना धरली. सुरुवात चांगली झाली. मग कसं कोण जाणे, तिच्यात मोठा पंच आला, म्हातारे पाळक आले, पूर्णेची बँक आली.

बायकोनं एक डोळा उघडला. "अहो, देवाशी बोलायलाव का पंचांशी?"

लेकीला हसू आवरेना. मी थांबलो. चपातीचा तुकडा पुढं केला, तर बायकोनं तो घेतला नाही. म्हणाली, "तुमच्या हातचं घेतलं तर ते घरातलं झालं. घरात ती रोज माझ्यापाशीच जेवती. मला मंडळीतलं पाहिजे. तिथून पोरीला उठवलंय, तर तिथूनच मिळालं पाहिजे."

लेक म्हणाली, माय, मला नको गं, माझं काही अडलं नाही. बायको म्हणाली, माझं अडलंय. मग भिंतीकडं तोंड करून ती पडून राहिली, म्हणजे मान तेवढी फिरवली, अंग काही फिरत नव्हतं.

मी तो तुकडा खाल्ला. पोटात गेला आणि नुसती चपातीच लागली.

कृपेला पाळक लागत नाही यावर मी तेव्हाही ठाम होतो आणि आजही आहे. पण बायकोचं म्हणणं वेगळं होतं. दहा माणसांत जिला उठवलं तिला दहा माणसांतच परत बसवावं लागतं, एकट्या बापानं अंगणात बसून मोठ्यानं वाचल्यानं ते होत नाही. हे मला रात्रभर नको वाटलं आणि सकाळी पटलं. मी पाळकांकडं गेलो.

म्हातारे पाळक बदलून गेले होते. नवे तीन वर्षांपूर्वी आलेले, माझ्या लेकीच्या वयाचे. देवळामागच्या दोन खोल्यांसमोर ते मोटारसायकल पुसत होते. मला बघून फडकं खाली टाकलं आणि म्हणाले, "सलाम, बाबा. आई कशा आहेत?" मी तयारी करून गेलो होतो की हा काय बोलेल आणि मी काय सुनावेन. त्यातलं काहीच कामाला आलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं की बायकोला प्रभुभोजन पाहिजे.

पाळक माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "आई घेणार?"

मी म्हणालो, दर महिन्याला घेतेच की.

ते म्हणाले, "बाबा, मी आल्यापासून त्यांनी एकदाही घेतलेलं नाही, आणि त्याच्या आधीची पाच वर्षंही नाही म्हणतात. ताट आलं की शेजारणीकडं देतात. मला वाटलं घरी तुम्ही शपथ घातली असेल."

मी पाणी पिलेला तांब्या हातात तसाच धरून बसलो. आठ वर्षं मी तिला टोमणे मारले आणि आठ वर्षं ती उपाशी येत होती. पाळकांना माझं तोंड दिसू नये म्हणून मी मोटारसायकलीकडं बघून बोललो, की लेकीचंही विचारायचं आहे, आईला तिच्यासंगं घ्यायचं आहे.

त्यांनी खाली पडलेलं फडकं उचलून सीटवर ठेवलं. मग सरळ बोलले. पंचांचा निर्णय आहे, तो मला एकट्याला मोडता येत नाही. माझं मन तुमच्याकडं आहे, पण मी मोडला तर अर्धी माणसं उठून जातील, आणि मग आईला जी मंडळी पाहिजे तीच राहणार नाही. आईंना मी घरी येऊन देतो. रविवारी देवळातलं प्रभुभोजन झाल्यावर मला दुसऱ्या गावाला जायचंय, म्हणून शनिवारी दुपारी येतो. घरी जाऊन द्यायचं तर एक पंच बरोबर लागतो, तशी रीत आहे.

कोण येणार, मी विचारलं. त्यांनी मोठ्या पंचाचं नाव घेतलं. आठ वर्षांपूर्वीचा मी असतो तर तांब्या तिथंच आपटून आलो असतो. म्हणालो, या.

घरी आलो. लेक पाणी भरायला गेली होती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि बायकोला म्हणालो, "तू घेत न्हवतीस. मला सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी गावभर सांगितलं असतं."

ते खरं होतं. मी म्हणालो, मग जायचीस तरी कशाला?

ती म्हणाली, "पोरीची जागा धरून बसले होते. सगळेच उठून आलो असतो तर ती कधी परत आली तर कुणापाशी बसली असती?"

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं ती बोलली. मी उठून चहा ठेवला. तो नेहमीसारखाच झाला.

शनिवारी लेकीनं खोली सारवल्यासारखी पुसली आणि आईला धुवट लुगडं नेसवलं. दुपारी पाळक आले. मागं मोठा पंच, हातात कापडात झाकलेलं ताट. आठ वर्षांत आम्ही बाजारात, लग्नात, मयतीत समोरासमोर आलो होतो, पण एकमेकांच्या उंबऱ्यात नाही. तो दारात थांबला. म्हणाला, "सलाम. आत येऊ का भाषण हाय आधी?"

मी म्हणालो, "ये. आज तुलाच ऐकायचंय."

त्याचेही गुडघे गेलेले होते. खाली बसता येईना म्हणून त्याला माझी खुर्ची दिली. लेक चुलीकडं जायला लागली तर बायकोनं तिच्या साडीचा काठ धरला, सोडला नाही. लेक तिथंच खाटेला टेकून खाली बसली. पाळकांनी प्रार्थना केली. बारकी, सरळ प्रार्थना. बायकोचं दुखणं तिच्यात आलं, घर आलं, घरातले सगळे आले. मग त्यांनी कापड काढलं. ताटात दोनच तुकडे होते, एक बायकोचा आणि एक पंचाचा. एक तुकडा त्यांनी बायकोच्या हातावर ठेवला.

तिनं तो तोंडात घातला नाही. दोन्ही हात छातीवर आणून ती तो मोडायला लागली. नांदेडहून आल्यापासून तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. नखाएवढा तुकडा, त्याचे तीन करायचे म्हणजे तिला केवढं काम. एक कण लुगड्यावर पडला तो तिनं बोटानं टिपून घेतला. मग एक भाग लेकीपुढं धरला.

मोठा पंच खुर्चीतून पुढं झाला. "बाई, असं चालत न्हाई."

बायकोनं त्याच्याकडं बघितलं. तिचा आवाज वर गेला नाही. "मला दिलं न्हवं? दिलेलं माझं झालं."

पंचानं पाळकांकडं बघितलं. मीही बघितलं. त्यांनी हातातल्या कापडाची घडी घातली. मग ते म्हणाले, "दिलेलं त्यांचं झालं, काका. मी आईंना दिलंय. आईनं लेकीला काय द्यावं, हे मला सांगता येत नाही."

लेकीनं अजून हात पुढं केला नव्हता. ती हळूच म्हणाली, "माय, मी तिकडची झाले. त्या घराला मी खोटं पडणार न्हाई."

"नको पडू," बायको म्हणाली. "तिकडची ऱ्हा. पोटची तर माझीच हायस का न्हाई? घे."

लेकीनं घेतलं. तोंडात घातलं आणि आईच्या हातावर कपाळ टेकवलं. तिसरा भाग माझ्यापुढं आला. मी म्हटलं होतं की यांच्या ताटातलं मरेपर्यंत खाणार नाही. पण हे त्यांच्या ताटातलं राहिलं नव्हतं. मी खाल्लं. पाळकांनी रसाची बारकी पेली बायकोच्या ओठाला लावली. तिनं अर्धी ठेवली. ती अर्धी लेकीनं घेतली तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.

पंचाचा तुकडा ताटात राहिला होता. पाळकांनी ताट त्याच्याकडं केलं. तो खुर्चीत सावरून बसला. मग त्यानं तो उचलला आणि डोळे मिटून खाल्ला. त्याच्या मनात काय होतं हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं लिहिणार नाही.

चहा पिऊन जाताना दारात काठी शोधत तो मला म्हणाला, "निर्णय तसाच हाय बरं का. मी काही मोडला न्हाई."

मी म्हणालो, "मी तरी कुठं म्हणालो मोडला म्हणून?"

"तुझा चहा मातर मोडून टाक," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, गँगवर बी असाच करायचास."

ते गेल्यावर लेकीनं जावयाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो काय म्हणतो म्हणून मी कान देऊन होतो. लेक म्हणाली, ते म्हणतात आईला बरं वाटलं ना, मग झालं. बायकोला झोप लागत होती. डोळे मिटताना ती एवढंच म्हणाली की उद्या प्रभुभोजनाच्या दिवशी पहिल्यांदाच तिनं धरलेली जागा रिकामी राहणार.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी दाढी केली, लेकीला पांढरा सदरा इस्त्री करायला लावला आणि देवळात गेलो. बायका डाव्या बाजूला बसतात. बायको कुठं बसायची हे मला माहीत नव्हतं, शेजारणीला विचारलं. तिनं भिंतीजवळच्या सतरंजीचं टोक दाखवलं. मी पुरुषांच्या बाजूला, तिथून ते टोक दिसेल असा बसलो. गाणी झाली, पाळकांचं बोलणं झालं. मग मोठा पंच ताट घेऊन रांगेतून आला आणि माझ्यापुढं थांबला. मी ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि शेजारच्या माणसाकडं दिलं. काही बोललो नाही. उठलोही नाही, आशीर्वाद होईपर्यंत तिथंच बसलो.